आमची गोष्ट आमच्या तोंडानं ऐका: मराठी लघुपट महोत्सवांच्या आयोजकांना आणि परीक्षकांना बेळगावहून खुलं पत्र

पुणे, मुंबई, कोल्हापूर, जिथं जिथं मराठी शॉर्ट फिल्मचे महोत्सव भरतात तिथल्या सगळ्या आयोजकांना आणि परीक्षक मंडळींना सप्रेम नमस्कार.

मी हौशी नाटकात काम करणारी बाई. इकडची पोरंपोरी मोबाईलवर नाहीतर भाड्याच्या कॅमेऱ्यावर शॉर्ट फिल्म करायला लागली तेव्हापासून आईचं, सासूचं, काकूचं काम असलं की मला बोलावतात आणि मी जाते. पैसे कुणालाच मिळत नाहीत, चहा-नाष्टा मिळतो, रात्र झाली तर कुणीतरी गाडीवर घरी सोडतं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. हे पत्र खरं तर त्या पोरांनीच लिहायला पाहिजे होतं, पण त्यांना वाटतं पुढच्या वर्षी परत फिल्म पाठवायचीय, कशाला वाईटपणा घ्या. म्हणून मी लिहिते.

आधी मागणं सांगून टाकते. आमच्या घरातली गोष्ट आमच्या घरात बोलतात तश्शी, म्हणजे मराठीत कन्नड मिसळून आणि कन्नडात मराठी मिसळून आम्ही सांगितली, तर ती मराठी फिल्म म्हणूनच बघा. भाषा साफ करून आणा म्हणू नका. आणि प्रत्येक वेळी ह्यात सीमाप्रश्न कुठाय असं विचारू नका.

आता हे कुठून आलं ते सांगते. आमच्या ग्रुपनं वडगावातल्या एका घरात फिल्म केली. गोष्ट अशी, म्हातारी विधवा बाई, मुलगा गोव्याला कामाला, आणि घरात सून, तिकडं बैलहोंगलकडची, कन्नड घरातली, लव्ह मॅरेज करून आलेली, त्यामुळं सासू तिच्याशी कामापुरतंच बोलते. एक दिवस तहसीलदार कचेरीतून नोटीस येते. कन्नडमध्ये. सासूला मराठी चौथीपर्यंत येतं, कन्नड अक्षर येत नाही. एरवी असला कागद आला की गल्लीतल्या कुठल्यातरी शाळकरी पोराला हाक मारायची ही आमच्याकडची जुनी पद्धत, पण त्या दिवशी दुपारी कुणी सापडत नाही आणि कागद सुनेच्या हातात जातो. ती वाचते. सासरा मरायच्या आधी शेतातला एक तुकडा दुसऱ्याच कुणाच्या तरी नावावर करून गेलाय, आणि ते नाव उताऱ्यावर चढायच्या आधी कुणाची हरकत असेल तर कळवा अशी ती नोटीस. त्या नावापुढं बापाचं नाव म्हणून सासऱ्याचंच नाव आहे. म्हणजे सासूच्या अख्ख्या संसाराचं गुपित आधी सुनेला कळतं, कारण वाचता तिलाच येतं.

सासू मीच होते. मी शेंगा फोडत बसलेली आणि सून कागदावर बोट फिरवत वाचते, आधी स्वतःशी कन्नडमध्ये पुटपुटते, मग मला मराठीत सांगते, तिचं मराठी मोडकं, ‘जमीन दिला’, ‘नोटीस आला’ असं. एका ओळीवर तिचं बोट थांबतं. ती परत मागं जाते, परत वाचते, आणि मला जे सांगते ते कागदात जे आहे ते नसतं. प्रेक्षकाला कन्नड येत असेल तर त्याला तिथंच कळतं ती खोटं बोलली, येत नसेल तर तो माझ्यासारखा, त्या सासूसारखा, बाहेर राहतो आणि तिच्या तोंडाकडं बघत बसतो. अख्खी फिल्म त्या बोटावर उभी आहे हो. शेजारच्या घरात मागाचा खटखटाट चालू होता, आवाज रेकॉर्ड होईना, तर त्या विणकर मामांनी आमच्या प्रत्येक टेकला माग बंद ठेवला. माग बंद म्हणजे त्यांची मजुरी बंद. तरी त्यांनी एक शब्द काढला नाही, उलट शूट संपल्यावर येऊन विचारून गेले, शेवटी म्हातारीला कळतं काय ओ?

ही फिल्म एका महोत्सवात पाठवली. उत्तर आलं, विषय चांगला आहे पण मराठी विभागासाठी संवाद प्रमाण मराठीत अपेक्षित आहेत, सुनेचे कन्नड संवाद मराठीत डब करून पाठवता येतील का, आणि सीमाभागातली कथा असूनही सीमाप्रश्नाचा संघर्ष पुरेसा येत नाही. दिग्दर्शक पोरगा तेवीस-चोवीस वर्षांचा, उद्यमबागेत फौंड्रीत शिफ्ट करून फिल्म करतो, तो हा मेल मला वाचून दाखवत होता आणि मला काय बोलावं सुचेना. सुनेचं कन्नड डब केलं तर मग सासूला न कळण्यासारखं राहिलं काय? गोष्टच संपली की. दुसरीकडं, बेंगळूरकडच्या एका महोत्सवात पाठवली तर त्यांनी सांगितलं ह्यात मराठीच जास्त आहे. म्हणजे ह्या पोरानं जायचं कुठं?

तुमच्यातले बरेचजण नाटकवाले आहात म्हणून आठवण करून देते. मराठी रंगभूमीचा जन्म आपण धरतो 1843 साली सांगलीत विष्णुदास भाव्यांच्या सीतास्वयंवरानं, आणि त्या नाटकामागं सांगलीच्या राजेसाहेबांसमोर झालेला कर्नाटकातल्या भागवत मंडळींचा खेळ होता हे शाळेतल्या पोरालाही माहीत असतं. संगीत नाटक उभं करणारे अण्णासाहेब किर्लोस्कर जन्मले गुर्लहोसूरला, ते आज बेळगाव जिल्ह्यात आहे. 1939 साली प्रभातनं ‘माणूस’ काढला, त्यात गाणारी शांता हुबळीकर हुबळीकडची, आणि ‘कशाला उद्याची बात’ त्या एका गाण्यात तिनं किती भाषांत कडवी म्हटलीत ऐका परत. तेव्हा कुणी म्हटलं नाही की हे मराठी नाही. मग आज अठरा-वीस मिनिटांच्या फिल्ममध्ये एक सून स्वयंपाकघरात कन्नड बोलली तर मराठीचं काय जातं?

दुसरी एक गोष्ट मनाला लागते ती सांगते. पु. लं.च्या रावसाहेबांमुळं बेळगावची मराठी घराघरात पोचली. पु. लं.नी त्या माणसावर जीव ओतून लिहिलंय, वाचताना शेवटी गळा दाटून येतो, त्यात बोलीची टिंगल कुठंच नाही. पण पुढच्या लोकांनी त्यातलं हसायचं तेवढं उचललं. त्यामुळं आता आमच्यासारखं बोलणारं पात्र पडद्यावर आलं की प्रेक्षक आधी हसायच्या तयारीत बसतो. आमच्या बोलीत कुणी रडू शकतं, कुणी नवऱ्याला सोडून जाऊ शकतं, कुणी पोटच्या पोराचं नाव लपवू शकतं हे लोकांना पटतच नाही. एका फिल्मच्या वेळी पुण्याहून आलेल्या एका शिकलेल्या मुलीनं मला सेटवर प्रेमानंच सुचवलं होतं, मावशी, हा सीन सिरियस आहे ना, तर ‘काय करालास’ नको, ‘काय करतोयस’ म्हणा, नाहीतर लोक हसतील. मी म्हटलं, अगं, माझा मुलगा मेला होता त्या दिवशी मी ह्याच बोलीत रडले की. ती गप्प झाली, नंतर जवळ घेतलं तिनं मला. पण अडचण तिची एकटीची नाहीये.

नागराज मंजुळेंच्या ‘पिस्तुल्या’ला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ती शॉर्ट फिल्मच होती. मग ‘फॅंड्री’ आला, 2016 ला ‘सैराट’ आला आणि सोलापूर-करमाळ्याकडची बोली अख्ख्या महाराष्ट्रानं डोक्यावर घेतली. आता तिकडच्या पोराला कुणी सांगत नाही की बाबा, नीट बोल. 2017 ला ‘सैराट’चा कन्नड रिमेक आला ‘मनसु मल्लिगे’, त्यातही रिंकू राजगुरूच होती. आमच्याकडं कित्येक घरात दोन्ही बघितलेत, दोन्हीवर भांडणं झालीत कुठलं चांगलं म्हणून. गोष्ट इकडून तिकडं सहज गेली. अडतं ते फॉर्मवरच्या भाषेच्या रकान्यात.

आता सीमाप्रश्नाबद्दल. कुणी गैरसमज करून घेऊ नका, मी त्याच मातीतली आहे. 1956 ला आम्हाला तेव्हाच्या म्हैसूर राज्यात घातलं, हुतात्मे झाले, सीमावादावर महाजन आयोगाचा अहवाल झाला, 2004 पासून सुप्रीम कोर्टात दावा आहे, माझ्या माहेरची माणसं त्यात लाठ्या खाल्लेली आहेत. त्याच्यावर फिल्म करायची त्यानं जरूर करावी. पण बाहेरच्या माणसाला बेळगाव म्हटलं की बोर्डाला फासलेलं काळं, फुटलेली बसची काच आणि घोषणा एवढंच दिसतं, आणि मग आमच्या पोरांनाही वाटायला लागतं की हे घातल्याशिवाय आपली फिल्म घेणार नाहीत. मग प्रेमाची गोष्ट असली तरी शेवटी दगडफेक येते. मुलगा मराठी, मुलगी कन्नड, एक नोव्हेंबर म्हणजे कर्नाटकाचा स्थापना दिवस, इकडून मराठी माणसांची निषेधाची काळ्या दिनाची फेरी, तिकडून राज्योत्सवाची मिरवणूक, मधे दोघं. चार वर्षांत असल्या किती स्क्रिप्टा माझ्या हातात आल्या असतील.

खरं काय होतं ते आम्हाला विचारा. मराठी-कन्नड लग्नं आमच्याकडं कधीपासूनची आहेत, ठरवून केलेलीसुद्धा आहेत. लग्न अडतं तेव्हा भाषेवर फार कमी वेळा अडतं, जातीवर अडतं, जमिनीवर अडतं, पोरगा काय कमावतो ह्याच्यावर अडतं, आणि मग सांगताना बाहेर भाषेचं कारण सांगतात कारण ते सांगायला लाज वाटत नाही. हे कुणी दाखवलंय? आणि लग्न झाल्यावरचं खरं भांडण पोर साडेतीन-चार वर्षांचं झालं की सुरू होतं, शाळा कुठली? आजी म्हणते मराठी, त्याची दुसरी आज्जी म्हणते कन्नड, दोघी महिनाभर एकमेकींशी बोलत नाहीत, आणि आईबाप गुपचूप जाऊन इंग्लिश मीडियमची फी भरून येतात. त्या दिवशी दोन्ही म्हाताऱ्या एकदम एका बाजूला. मी हे माझ्या नात्यात बघितलंय. ह्याच्यावर बारा मिनिटांची फिल्म करा, बघा लोक कसे बसतात ते.

आणि एक नोव्हेंबरचं म्हणाल तर, ज्या घरात थोरला काळी फीत लावून फेरीला जातो त्याच घरात धाकट्याला सरकारी नोकरीसाठी कन्नडची परीक्षा द्यायची असते. एकाच खोलीत दोघांची तयारी चाललेली असते आणि आई दोघांनाही चहा करून देते. तिथं कुणी ओरडत नाही. ओरडलं असतं तर बरं झालं असतं असं वाटावं इतकं सगळे जपून बोलतात.

कष्टाच्या गोष्टी तर काय सांगू. निपाणीच्या बिडी कामगार बायका, ज्यांनी संप केले, संघटना बांधल्या, त्यांच्या नाती आज काय करतात? 1981 च्या तंबाखू आंदोलनात निपाणीत गोळीबार झाला, शेतकरी मेले, त्यांच्या घरी आता त्या दिवसाबद्दल बोलतात का? 2019 च्या ऑगस्टात कृष्णा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकदम चढल्या, चिकोडी, रायबाग, अथणी, गोकाककडं घरं पडली, खानापूर भागात भिंती खचल्या, मदत कुणाच्या नावावर आली आणि कुणी उचलली ह्यावरून भाऊ-भाऊ आजही एकमेकांच्या दारात जात नाहीत. सौंदत्तीच्या यल्लम्माला सोडलेल्या बायकांवर फिल्म करायची तर भंडारा उधळलेला आणि ढोल हे दाखवायची काही गरज नाही. देवाला सोडायला बंदीचा कर्नाटकातला कायदा 1982 चा आहे. पण त्यांच्या पोरांना शाळेच्या फॉर्मवर बापाचं नाव काय लिहायचं हा प्रश्न कायद्यानं सुटला नाही, आणि त्या एका मोकळ्या जागेवर पेन धरून बसलेली आई ही मला कुठल्याही ढोलापेक्षा मोठी गोष्ट वाटते.

अजून एक विषय सांगते, कारण हा सध्या आमच्या गल्लीगल्लीत आहे आणि ह्याच्यावर मी अजून चांगली फिल्म बघितलेली नाही. फायनान्सचं कर्ज. बायकांचा ग्रुप करायचा, एकीला दुसरीची हमी, दर आठवड्याला एकीच्या दारात बसून हप्ता गोळा करायचा. एकीकडून घेतलं ते फेडायला दुसरीकडून, दुसरीचं फेडायला तिसरीकडून. नवऱ्याला माहीत नसतं. सासूला माहीत नसतं. वसुलीवाले दारात येऊन बसायला लागले, बायका गाव सोडून जायला लागल्या, तेव्हा 2025 ला कर्नाटक सरकारला त्याच्यावर वटहुकूम काढावा लागला. ह्यात प्रेम आहे, गुपित आहे, गरिबी आहे, भीती आहे, सगळं आहे. हप्त्याच्या दिवशी सकाळी ज्या बाईकडं पैसे नाहीत ती काय करते माहिताय? ती मंगळसूत्रातले मणी तेवढे गळ्यात ठेवते आणि वाट्या सोनाराकडं नेऊन ठेवते, आणि आठवडाभर पदर गळ्याशी घट्ट धरून फिरते. नवरा समोर जेवत असतो, त्याला दिसत नाही. कॅमेऱ्याला दिसेल.

आमच्या पोरांनाही इथंच दोन शब्द सांगते, तीही हे वाचणार आहेत. बाळांनो, घरातलं गुपित म्हणजे दर वेळी ट्रंकेत सापडलेलं पत्र आणि जुना फोटो नसतो. आई रडली की मागं बासरी लावू नका. मला डायलॉग कमी द्या आणि हाताला काम द्या, भाकरी थापायला द्या, तांदूळ निवडायला द्या, मग बघा मी काय करते ते. आणि कुठल्या महोत्सवात घेतील म्हणून भाषा बदलू नका. हेही खरं आहे की आवाजाकडं तुमचं लक्ष नसतं, चित्र झकास आणि संवाद ऐकूच येत नाही, मग परीक्षकानं नाही म्हटलं तर त्याची चूक नाही. ड्रोन भाड्यानं आणायचे पैसे माईकवर घाला.

आता परत आयोजकांकडं वळते. तुम्ही काय करू शकता ते सांगते, अवघड काही नाही. प्रवेशाच्या फॉर्मवर एकापेक्षा जास्त भाषा लिहायची सोय ठेवा. कन्नड वाक्यांना खाली मराठी सबटायटल देऊ, डब करा म्हणू नका, आणि जिथं दिग्दर्शकानं मुद्दाम सबटायटल दिलं नसेल तिथं ते का दिलं नाही हे त्याला विचारा, मार्क कापू नका. परीक्षकांत एक तरी माणूस असा घ्या ज्याला ही मिसळलेली भाषा कानानं कळते, बेळगाव, निपाणी, खानापूरच नाही तर सोलापूर-अक्कलकोट, जत, गडहिंग्लजकडचाही चालेल, तिथंही घरं अशीच आहेत. नाकारलेल्या फिल्मला दोन ओळी तरी खऱ्या लिहा. फी घेता ना, मग तेवढं करा. फौंड्रीतल्या पोराला ती फी म्हणजे दोन दिवसांचा पगार असतो.

आणि तुमच्या फिल्मही आमच्याकडं आणा. आमच्याकडं कडोली, येळ्ळूर, उचगाव, बेळगुंदी, सांबरा असल्या गावांत दरवर्षी मराठी साहित्य संमेलनं भरतात, ग्रंथदिंडी निघते, बायका डोक्यावर कलश घेऊन चालतात, दिवसभर मांडव भरलेला असतो, आणि ही संमेलनं गाव वर्गणीतून आणि कष्टातून उभी करतं. रात्री कुठं कविसंमेलन असतं, कुठं करमणुकीचा कार्यक्रम. त्याच मांडवात एक पडदा लावायला कितीसा खर्च येतो? संमेलनवाल्यांशी बोलायचं काम मी आणि आमचा ग्रुप करतो. तुम्ही यंदाच्या निवडलेल्या फिल्ममधल्या चार-पाच द्या, बरोबर एक परीक्षक पाठवा, आमच्याकडच्या दोन आम्ही लावतो, आणि बघून झाल्यावर लोकांत बसून बोला. मराठी माणूस पण घरी बायको कन्नड, कन्नड माणूस पण धंदा मराठीत, असली सगळी माणसं त्या मांडवात असतील. राहायची सोय घराघरातून होते, लॉज लागत नाही.

संमेलनांच्या तारखा साधारण हिवाळ्यात असतात आणि बैठका दिवाळीच्या आसपास होतात. त्याच्या आधी उत्तर आलं तर यंदाच्याच कार्यक्रमपत्रिकेत नाव घालता येईल.

आपली,
सीमाभागातली एक हौशी कलाकार
वडगाव, बेळगाव